मजूर संस्थेचा चेअरमन

"हात दाखव," साहेब म्हणाला.

मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. टेबलावर काजूची बशी होती, चहाचे कप होते, आणि मधे माझे हात. साहेबानं बोट लावलं नाही. पेनाच्या टोकानं माझा पंजा उलटा केला, सुलटा केला. बाजारात बैलाचे दात बघतात, तिथं निदान बैलाच्या तोंडाला हात तरी लावतात.

शेजारी शेठ उभा. म्हणाला, "अस्सल माल हाय साहेब. उभा जन्म दगड फोडलाय ह्यानं. असले घट्टे तालुक्यात दुसरे गावायचे न्हाईत."

साहेब हसला. शेठ हसला. आणि लिहायला लाज वाटते, मीपण हसलो.

ती आमच्या मजूर संस्थेची तपासणी होती. सरकारचा नियम असा, की गटार, रस्ता, भिंत असली बारकी कामं काही मजुरांच्या सहकारी संस्थांना द्यायची. जो राबतो त्यालाच ठेका. नियम चांगला आहे, ज्यानं केला त्याच्या मनात पाप नसणार. संस्थेत खरे मजूर आहेत का, हे बघायला साहेब येतो. तो आला शेठच्या गाडीतून, बसला शेठच्या ऑफिसात, आणि माझे हात बघून आमची संस्था खरी ठरवून गेला.

आमचं गाव चाकणच्या पलीकडं. नाव लिहीत नाही, गावाचा काय दोष? कंपन्या आल्या, गोडाऊनं आली, ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. शेठ गावचाच. जमिनी त्याच्या, डंपर त्याचे, भाऊ नगरसेवक. एक दिवस आमच्या वस्तीत आला आणि म्हणाला, "म्हातारबा, तुला चेअरमन करतो." सभासद म्हणून वस्तीतल्याच घरांची नावं घातली.

मी चौथी शिकलो. माझा बाप जन्मभर अंगठा उठवत आला. निळा झालेला अंगठा तो धोतराला पुसायचा, आणि पुसताना कुणाकडं बघायचा नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं, आपण सही करायची. पूर्ण नाव, आडनावासकट, एक अक्षर न गाळता. त्या सहीचा मला फार गर्व. शेठनं तो बरोबर हेरला.

तो संस्थेची लेटरहेडं पुढं ठेवायचा. सगळी कोरी. "चेअरमनसाहेब, करा. तुमची सही म्हणजे छापल्यावाणी." मी करत जायचो. गठ्ठा संपला की मान दुखायची, पण मान ताठ. ह्या कोऱ्या कागदांचं काय करता, हे मी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर अडाणी दिसलो असतो.

घरी बायको म्हणायची, "अहो चेअरमन, टँकर आलाय, हंडे उचला." वस्तीत हसायचे. मला तेसुद्धा गोड लागायचं.

पुढं टेंडरं कॉम्प्युटरवर भरायची झाली. शेठनं मला मोबाइलसमोर बसवलं, नाव बोलायला लावलं, फोटो काढला, आणि माझ्या नावाची डिजिटल सही तयार झाली. कॉम्प्युटरला लावायची बोटाएवढी वस्तू. ती शेठच्या गाडीच्या चावीला लटकते. शेठच्या अशा तीन संस्था. एकाच कामाला तिन्हींची टेंडरं, दोन चढ्या दराची, एक उतरत्या. काम उतरत्याला मिळतं, चढी नुसती दाखवायला; त्यांना ते 'सपोर्ट' म्हणतात. मी एकदा विचारलं, "शेठ, ह्या बारीला काम आपल्याला हाय का?"

"तू सपोर्टला हायेस. घरी जा, आराम कर."

कामं झाली. राबायला बाहेरची माणसं आणि शेठची मशिनं. आमच्या सभासदांपैकी एकानंही त्या कामावर घमेलं उचललं नाही.

मग नगरपंचायतीचा विकास आराखडा आला. भिंतीवर नकाशा लागला. मला नकाशा वाचता येत नाही, पण ओढा ओळखता येतो. आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला शेठनं नवी जमीन घेतली आहे. ओढा तिच्या मधून वाहतो. नकाशात ओढ्याची निळी रेघ तिथून उचलून आमच्या घरांच्या मागं आणून ठेवलेली. शेठची जमीन सगळी पिवळी, म्हणजे घरं बांधायला मोकळी. ओढा हलला की तिथं प्लॉट पडणार.

ह्या शिवारात मी किती चर खोदले, पाये किती काढले, त्याला गणती नाही. रेघ मारलीय तिथं जमिनीला चढ आहे. पाणी चढ चढत नाही. ते पसरणार, आणि आमच्या सोळा घरांत शिरणार. हे सांगायला इंजिनेर लागत नाही.

आमच्या शेजारच्या गिरजाबाईनं पुढाकार घेतला. ती कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासते. सोळा घरांच्या हरकती तिनं एका दिवसात गोळा केल्या. सुनावणीला आम्ही सगळे गेलो. आत बघतो तर शेठ आधीच साहेबाच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेला. हा साहेब दुसरा, पण बसण्याची तऱ्हा तीच.

साहेबानं फाइल उघडली. "हरकत कसली घेता? तुमच्या वस्तीनंच संमती दिलीय."

त्यानं वाचून दाखवलं. आम्हा रहिवाशांची ओढा वळवण्यास हरकत नाही, सदर काम आमच्या संस्थेस मिळाल्यास आम्हास रोजगार मिळेल. मग कागद आमच्याकडं फिरवला. वर संस्थेचं नाव. खाली माझी सही. पूर्ण नाव, आडनावासकट.

गिरजाबाईनं कागद बघितला, मग मला बघितलं. "तात्या, ही तुमची हाय?"



शेठ गालात हसत म्हणाला, "सांग की म्हातारबा. सही तुझीच ना?"

मला किळस आली. त्याची नाही, माझीच. माझी नाही म्हणावं तर ही सही अख्खं गाव ओळखतं. माझी म्हणावं तर वस्ती पाण्यात. उरलं ते एकच, आणि ते सांगण्यापेक्षा मेलो असतो तर बरं, असं त्या घडीला वाटलं.

"सही माझी," मी म्हणालो. "वरचं एक अक्षर माझं न्हाई. मी कोऱ्या कागदावर सही केलीया. एकदा न्हाई, गठ्ठ्यानं."

साहेबानं चष्मा काढला. "कोऱ्या कागदावर? चेअरमन ना तुम्ही? शाळेत गेला होता का कधी?"

क्लार्क हसले. दारात उभा असलेला शिपाईसुद्धा हसला.

"गेलतो. चौथीपतुर. मी आत्ता म्हणालो ते लिवून घ्या."

"तोंडी चालत नाही."

"मग कागद द्या."

"बाहेर बसून लिहा. लोक खोळंबलेत."

"हितंच लिवणार."

शेठ उठला. "बास झालं. माझ्या जिवावर चेअरमन झालास."

"तुझ्या न्हाई. माझ्या घट्ट्यांवर झालो."

त्याला मी जन्मात पहिल्यांदा 'तू' म्हणालो.

लिहायला फार वेळ लागला. एकेक अक्षर उचलून ठेवावं लागत होतं. मागचे लोक ढकलाढकली करत होते, तर गिरजाबाई कोपर रोवून माझ्या बाजूला उभी राहिली. "घाई नगं," एवढंच म्हणाली. सही केली ती शेवटच्या ओळीला चिकटून. मधे बोट शिरेल एवढी जागा ठेवली नाही. शिक्क्याची पोच हातात पडेपर्यंत खुर्ची सोडली नाही.

जिना उतरताना गिरजाबाई म्हणाली, "तात्या, आधी एक डाव कुणाला इचारलं असतं तर?" तिनं अजून मला माफ केलेलं नाही, आणि करावं असं मी म्हणणार नाही.

दोन दिवसांनी शेठ घरी आला. टाइप केलेला राजीनामा घेऊन. तब्येतीच्या कारणास्तव. बायकोनं त्याला पाणी विचारलं नाही. शेठ म्हणाला, "सगळी टेंडरं तुझ्या सहीनं भरलीत. चौकशी लागली तर आत तू जाशील. मी न्हाई."

"जाईन," मी म्हणालो. "राजीनामा देणार न्हाई."

मी गेलो की तो दुसरा म्हातारा शोधणार, त्याचे हात टेबलावर ठेवणार. म्हणून मी हलणार नाही. सभासदांच्या घरोघर जाऊन सांगून आलोय, आपल्या नावावर काय काय झालं ते. माझ्या सहीनं गेलेलं प्रत्येक टेंडर, प्रत्येक पत्र मला दाखवा, असा अर्ज नगरपंचायतीत टाकलाय. त्यातलं जे माझं नाही ते नाही म्हणून लिहून देणार. जे गर्वापोटी केलं, ते केलं म्हणूनही लिहून देणार.

सुनावणीची पुढची तारीख पडली आहे. रेघ अजून आमच्या घरांमागंच आहे. ती तिथून उठेपर्यंत मी जाणार. ह्या साहेबानं ऐकलं नाही तर वरच्याकडं, त्यानं नाही ऐकलं तर त्याच्या वरच्याकडं. आणि प्रत्येक ठिकाणी पहिलं वाक्य हेच बोलणार, की मी कोऱ्या कागदावर सह्या केल्या. खुशाल हसा. माझी लाज त्या दिवशी संपली, आणि मला गप्प बसवायला त्यांच्याकडं तेवढीच होती.