रविवारी दहाची मॅच

विजू गेल्याचं मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. मी नाशिकला लेकीकडे गेले होते. सकाळी चष्मा शोधून फोन उघडला, तर सोसायटीच्या ग्रुपवर विजूचा फोटो. हातात व्हिडिओ गेमचा रिमोट, चेहऱ्यावर फोटो काढणाऱ्याला ‘पुरे आता’ म्हणतानाचं हसू, आणि खाली तिच्या मुलाने, मंदारने, अमेरिकेतून लिहिलेल्या दोन ओळी : ‘माझी आई, माझी गेमिंग पार्टनर, काल रात्री झोपेत गेली. गेल्या रविवारपर्यंत आम्ही दोघं फुटबॉलची मॅच खेळत होतो.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. कुणीतरी ‘किती भाग्यवान माउली’ असंही लिहिलेलं. मी पलंगावर बसले. रडू यायला हवं होतं, पण आधी आला तो संताप, कारण दुसरी ओळ धादांत खोटी होती. आज सहा आठवडे झाले, तो संताप काही उतरलेला नाही. गोडगोड आठवणी हव्या असतील तर त्या दुसऱ्या कुणीतरी लिहाव्यात.

विजया माझी चाळीस वर्षांची मैत्रीण. खडकीला क्वार्टर्समध्ये आमची दारं समोरासमोर होती. तिचे यजमान वसंतराव कारखान्याच्या फुटबॉल संघात फुलबॅक, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभा राहून येईल त्याला अडवणारा गडी. बाकीच्या बायका मॅचच्या दिवशी नवऱ्यांच्या चिखलाने भरलेल्या कपड्यांवरून कुरकुरायच्या, विजू मैदानाच्या कडेला उभी राहून रेफरीला त्याच्या चुका सांगायची. ऑफसाइड म्हणजे काय हे तिने मला मंडईतून आणलेली वांगी ओट्यावर मांडून शिकवलं, आणि मला समजलं की नाही याची परीक्षा घेतल्यावरच त्या वांग्यांची भाजी झाली. बोलायला फटकळ, पण पोटात काही ठेवायची नाही, असं मी चाळीस वर्षं धरून चालले होते. तिथेही मी चुकलेच म्हणा.

मंदार इंजिनिअरिंगला गेला तेव्हा घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले होते. वसंतरावांनीही एक आणला, विजूने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला, आणि महिन्याभरात मंदारने त्यात फुटबॉलचा गेम टाकला. वसंतराव स्वतः खेळायचे नाहीत, मागे पलंगावर बसून नावं ठेवायचे. ‘या तुझ्या मैदानाला एक खड्डा नाही. या गड्यांना तहान लागत नाही. धडक बसली की दोन कोलांट्या मारून पुन्हा उभा, याचा गुडघा काय लोखंडाचा आहे?’ मंदार म्हणायचा, ‘बाबा, गेम आहे तो.’ विजू चहाचे कप ठेवता ठेवता म्हणायची, ‘दोष राहू देत हो. पोरगं घरात दिसतंय हा गुण बघा.’ ती स्वतः केव्हा की-बोर्डला हात लावायला लागली ते कळलं नाही, पण एका रविवारी तिने मंदारला दोन-एकने हरवलं आणि तो जेवायला उठला नाही. तो पहिल्यापासून तसाच. हरला की ताटावर बसायचा नाही, आणि चेंडू मिळाला की जन्मात कुणाला पास द्यायचा नाही. ‘एकुलता एक आहे, वाटून घ्यायची सवय नाही,’ असं विजू म्हणायची. म्हणताना तिला त्याचं कौतुकच असायचं.

मग हिंजवडी उभी राहिली, मंदारला तिथे नोकरी लागली, आणि दोन वर्षांत कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलं. आमच्या पिढीच्या पुण्यात हे इतक्या घरांत झालं, की त्याचं कौतुकही उरलं नाही आणि दुःख सांगायचीही सोय राहिली नाही. एकटं वाटतं असं कुणी म्हणालीच, तर समोरची म्हणणार, ‘अगं, पण मुलाने नाव काढलं ना.’ वसंतराव निवृत्तीनंतर तीन वर्षांत गेले. पुढे विजूने आणि मी वाघोलीला एकाच सोसायटीत फ्लॅट घेतले, ती पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. मंदारचा फोन दर रविवारी यायचा. आधी अर्धा तास, मग दहा मिनिटं, मग ‘आई, मीटिंग आहे, नंतर करतो’. ते ‘नंतर’ पुढच्या रविवारी यायचं.

एका भेटीत त्याने गेमचा नवा डबा आणला, टीव्हीला जोडायचा. म्हणाला, ‘फोनवर आपण तेच तेच बोलतो आई. काय जेवलीस, काय जेवलास. त्यापेक्षा खेळता खेळता बोलू.’ तिकडे शनिवारची रात्र, इकडे रविवार सकाळचे दहा. आणि खोटं कशाला बोलू, पहिली दोन वर्षं त्याने पाळलं. विजू अंघोळ, पूजा उरकून, कानाला हेडफोन लावून तयार. बोटांचे सांधे धरलेले, तरी बचाव असा करायची की वसंतराव अंगात आल्यासारखं वाटावं. निम्म्या मॅच तीच जिंकायची. मुख्य म्हणजे दोघं बोलायची. त्याचं पाठीचं दुखणं, बायकोशी पटत नाही, नोकरी राहते की जाते, हे सगळं तिला कॉर्नर आणि थ्रो-इनच्या मधल्या वेळात कळलं. मी भाजी निवडायला घेऊन खाली यायचे आणि बघत बसायचे. मॅच संपली की विजू गेमची चिरफाड करायची. रेफरीशी भांडता येत नाही, हा सगळ्यात मोठा दोष. समालोचक पाच वाक्यं पाठ करून आलेला. पाऊस पडतो, पण चिखल होत नाही. गोलकीपर ऐन वेळी खांबासारखा उभा. ‘आणि गुण?’ असं मी विचारलं की म्हणायची, ‘गुण हा, की पासष्टीची बाई पळते आणि अमेरिकेतला मुलगा तिला अडवायला येतो.’

मग तो उशिरा यायला लागला. दहाचे साडेदहा, साडेदहाचे अकरा. विजू रिमोट मांडीवर घेऊन बसलेली, कणीक परातीत तशीच. फोन कर म्हटलं तर ‘कामात असेल’. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला तो चार दिवस आला, त्यातले दोन मित्रांना दिले. जायच्या आदल्या दिवशी त्याने डब्यात काहीतरी खटपट केली आणि आईला दाखवलं, ‘आता हेडफोन नको, तो सारखा बिघडतो. दहा वाजले की नुसतं हे दाबायचं. मी आलेलोच असेन.’ आणि खरंच, तेव्हापासून दहाच्या ठोक्याला पडद्यावर इंग्रजीत त्याचं नाव यायचं आणि निळ्या कपड्यांतला त्याचा संघ मैदानात उतरायचा. एका मिनिटाचा उशीर नाही. मी म्हटलं, चला, सुधारला एकदाचा.

पुढच्या मार्चमध्ये सोसायटीसमोरचा रस्ता खोदला. वाघोलीत रस्ता खोदणं यात सांगण्यासारखं काही नाही, पण या वेळी इंटरनेटची केबल तुटली आणि चार दिवस अख्ख्या इमारतीचं नेट बंद. रविवारी सकाळी, नक्की कुणाला शिव्या घालायच्या हे ठरवायला, मी खाली विजूकडे आले, तर ही खेळत बसलेली. पडद्यावर मंदारचं नाव, निळा संघ पळतोय.

‘अगं, नेट बंद आहे ना?’

‘हो.’

‘मग हा कसा खेळतोय?’

‘बस. चहा घेतेस?’

चहा निम्मा संपेपर्यंत मला उलगडा झाला नाही. समोर मंदार नव्हताच. माणूस नसेल तेव्हा या गेममध्ये समोरच्या बाजूने कॉम्प्युटर खेळतो. मंदारने त्या यंत्राला स्वतःचं नाव दिलं होतं आणि स्वतः मोकळा झाला होता. चार-पाच महिने ही बाई दर रविवारी अंघोळ करून यंत्राशी खेळत होती. ‘तुला कधी कळलं?’ मी विचारलं. म्हणाली, ‘पहिल्याच रविवारी. दहा मिनिटांत त्याने चार पास दिले. माझा मंदार पास देईल का?’ आणि हसली. ते हसणं मला अजून सहन होत नाही.

मी फोन उचलला, तिने तो माझ्या हातातून काढून घेतला. आमचं आयुष्यातलं एकमेव खरं भांडण त्या दिवशी झालं. ‘त्याला वाटतंय, आईची सोय लावली. वाटू दे,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘सोय? वासरू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून गाईपुढे उभं करतात, तसली सोय?’ तेव्हा तिचा आवाज चढला. ‘मंगे, तो शरमला की तोंड दाखवत नाही. जन्मापासून बघतेय मी त्याला. हे उघडं पाडलंस तर वर्षाकाठी चार दिवस येतो, तेही यायचा नाही. माझी शपथ आहे तुला.’ ...मी शपथ पाळली. मंदार आला की विचारायचा, ‘काय काकू, आईच्या मॅच जोरात ना?’ आणि मी त्याला पोहे द्यायचे. त्या पोह्यांत काय काय घालायला हवं होतं ते आता सुचतं. विजूचाही राग येतो. भर मैदानात रेफरीला सुनावणारी बाई, पोटच्या पोरापुढे एवढी गप्प? आणि सगळ्यात जास्त राग माझा येतो, कारण शपथ हे निमित्त होतं. मलाही मंदारशी वाईटपणा घ्यायचा नव्हता.

तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मंदार घर आवरायला बसला. मी मदतीला होते. मध्येच त्याने टीव्ही लावला, डबा सुरू केला आणि त्यात झालेल्या मॅचची यादी असते ती उघडली. त्या दिवाळीपासूनचे रविवारमागून रविवार. प्रत्येक ओळीत मंदार जिंकलेला. एक-शून्य, दोन-शून्य, पुन्हा एक-शून्य. तो बघत राहिला, मग डोळे पुसता पुसता हसला. म्हणाला, ‘काकू, तुम्हाला म्हणून सांगतो. नंतर नंतर मला वेळ जमत नव्हता, म्हणून मी कॉम्प्युटर लावून दिला होता. तिला कळलं नाही बिचारीला. लेव्हलसुद्धा सगळ्यात सोपी ठेवली होती, पहिलीतलं पोर जिंकेल अशी, तिला बरं वाटावं म्हणून. तीही झेपली नाही आईला. एक मॅच जिंकली नाही हो.’

मी वसंतरावांचे जुने स्वेटर पिशवीत भरत होते. पिशवी खाली ठेवली. शपथ घालणारी ‘सुटली’ म्हणायलाही थांबली नव्हती, तेव्हा ती मीच सोडवली. त्याला सांगितलं, तिला पहिल्या रविवारपासून ठाऊक होतं. आणि मग गेल्या श्रावणातली एक मॅच सांगितली. विजूचा गडी गोलसमोर एकटा, अडवायला कुणी नाही, गोलकीपर नेहमीसारखा खांब झालेला. मी म्हटलं, ‘मार आता.’ तिने चेंडू मागे वळवला, सावकाश आपल्याच गोलपाशी आणला आणि निळ्या गड्याच्या पायात सोडून दिला. त्याने गोल केला. मला वाटलं, बोटं चालत नसतील. ‘हात दुखतोय का?’ ‘नाही गं.’ ‘मग यंत्रापुढे कशाला हरतेस?’ तिने रिमोट खाली ठेवला. ‘यंत्र आहे, माहितीये मला. पण नाव त्याचं लिहिलंय ना मंगे... त्याला हरवून मी एकटी जेवायला बसू?’

मंदारने ती यादी बंद केली. पुन्हा उघडली आणि पहिल्या ओळीपासून वाचत गेला. बराच वेळ लागला त्याला. मग म्हणाला, ‘तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?’ शपथेचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते द्यावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, ‘आई तुझी होती.’ आणि उरलेले स्वेटर भरले.

जाताना तो डबा माझ्या घरी जोडून गेला. म्हणाला, ‘काकू, रविवारी मी येत जाईन. मी स्वतः.’ माझा काडीचा विश्वास नव्हता. पण येतो. गेले चार रविवार दहाला पाच कमी असताना हजर. आता बरा वेळ मिळतो. हे लिहिलेलं मी त्याला फोनवर वाचून दाखवलं, तो म्हणाला, छापा, एक शब्द कमी करू नका. एवढ्याने माझा राग जाईल असं त्याला वाटत असेल, तर त्याला वाट बघू दे.

मला खेळता येत नाही. कुठलं बटण कशाचं हे अजून खाली बघून दाबते, आणि तीन मॅच सपाटून हरले. परवा कसा कोण जाणे, माझा एक गोल झाला, आणि मंदारचा काही होईना. दोन मिनिटं उरली असताना माझ्या गड्याला पुन्हा चेंडू मिळाला आणि समोर मोकळं मैदान. हेडफोनमधून आवाज आला, ‘काकू, आज मला जिंकू द्या ना.’ सुरुवात थट्टेची होती, शेवटी आवाज भरून आला होता. मी पळायच्या बटणावरचं बोट उचललं नाही. म्हटलं, ‘जिंकू देणारी गेली, मंदार. खेळ तू.’