एका ओळीत चौतीस माणसं गायब

मुक्ताच्या लग्नात आमच्या भावकीतली चौतीस माणसं मी एका ओळीत गायब केली.

तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते. म्हणजे वय कोवळं आणि अक्कल त्याहून कोवळी! चार वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. मुलांच्या वह्या हातातून गेल्या होत्या, पण लाल पेन काही सुटलं नव्हतं. गावात कुणाची लग्नपत्रिका आली की ही बया ती तपासायची, चुकांना गोल करायची आणि (आता सांगायलाही लाज वाटते) आहेराच्या पाकिटातून परत द्यायची! नवरा-नवरीला आशीर्वाद आणि नवरीच्या बापाला दहापैकी चार गुण!

अशा बाईच्या नातीचं लग्न ठरलं. आता पत्रिका कशी हवी? तर सोवळ्यातली!

मुक्ता पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. तिने मला हौसेने पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, शिकवलं होतं. (काष्टीच्या बाजारात मी भाजीवालीला "मला पायथन येतं" म्हणून सांगितलं होतं. तिला वाटलं, अंगात येतं. तिने कोथिंबिरीची जुडी मागे ओढून घेतली.) मुक्ताने मला दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहून दिला. शुद्धलेखन तपासणारी एक तयार लायब्ररी असते, तिच्या पोटात मराठी शब्दकोश. आपण एकेक शब्द तिच्यापुढे धरायचा. ओळखीचा असला तर ती पुढे जाऊ देते, नसला तर पडद्यावर दाखवते.

"आजी, दाखवलेला प्रत्येक शब्द तू स्वतः बघायचा हं. मग ठरव."

"मला शिकवतेस? छत्तीस वर्षं वह्या तपासल्यात मी!"

पत्रिकेच्या खाली 'आपले नम्र' म्हणून सगळ्या भावकीची यादी होती. वयाच्या क्रमाने, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. आमच्याकडे पत्रिकेत नाव नसेल तर माणूस लग्नाला येत नाही, आणि पुढच्या तीन पिढ्या ते विसरत नाही. प्रोग्राम यादीपाशी आला आणि दर शब्दाला अडखळायला लागला. हा माहीत नाही, तो माहीत नाही. मला आला कंटाळा. मुक्ता पुण्याला परतली होती. यादीपुरती मी एक ओळ बदलली. ओळखीचा नसेल तर दाखवू नकोस, काढूनच टाक! झर्रकन काम झालं. मी स्वतःलाच शाबासकी दिली आणि फाईल न बघता प्रेसवाल्याला धाडली.

त्याचा फोन आला. "बाई, यादीत नुसतं श्री श्री श्री पडलंय वळीनं. तसंच ठिवायचं?"

"एक अक्षर बदलायचं नाही!"

"पर बाई..."

"शुभकार्यात चार श्री जास्त झाले तर काय बिघडतं?"

छापल्या बिचाऱ्याने. माझ्या लेकाने न वाचता गावभर वाटल्या. (घरचीच पत्रिका कोण वाचतं?)

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घालायला डेअरीवर गेले. आमची सगळी भावकी किटल्या घेऊन रांगेत उभी. सगळ्यात पुढे माझे थोरले दीर, रंभाजीभाऊजी. हातात पत्रिका.

"मास्तरीणबाई, ह्यातला मी कुठला श्री?"

आणि ही शहाणी काय म्हणाली? तिने बोट ठेवून दाखवलं! "हा. पहिला."

"अन् ह्यो?"

"बाजीरावभाऊजी."

"मंग आमची नावं कुठं हायती?"

"मशीनच्या शब्दकोशात नव्हती, भाऊजी."

"अन् ह्यो परकाश कसा आख्खा ऱ्हायला?"

प्रकाश म्हणजे आमचा चुलत पुतण्या. बांधावरून अकरा वर्षं बोलचाल बंद. त्याचं नाव शेवटी, कोपऱ्यात घातलं होतं. पण वरची सगळी पुसली गेल्यावर पठ्ठ्या यादीचा कारभारी झाला होता!

"प्रकाश हा शब्द... असतो शब्दकोशात."

"म्हंजी त्यो हाय अन् आमी न्हाई!" रांगेत मागे प्रकाशने मिशीवरून हात फिरवला.

भाऊजींनी चष्मा सरसावला. "आन् ही कालिंदीबाई? तुमी कशा ऱ्हायल्या हिथं?"

मी किटलीत बघायला लागले.

"त्यात... आपल्याला पाहिजे तो शब्द घालता येतो, भाऊजी."

"म्हंजी मशीनला वळख सांगून ठिवायची सोय हुती?"

"होती."

"अन् तुमी एकलीचीच सांगितली."

"...होय."

डेअरीवर दूध मापायचं थांबलं. भाऊजी पत्रिका घडी करून खिशात घालून चालते झाले. त्यांच्यामागे बाकीचे चौतीसातले तेहतीस.

मुक्ताला कळलं तशी ती पुण्याहून निघूनच आली. थोरल्या आजोबांनी, म्हणजे ह्याच रंभाजीभाऊजींनी, तिला सायकलवर बसवून सात वर्षं शाळेत पोचवलेलं. "त्यांनी पहिली अक्षता टाकली नाही तर मी पाटावर उभीच राहणार नाही," म्हणाली. तिला घेऊन मी भाऊजींच्या दारात गेले. लाल पेन घरी ठेवून गेले, एवढी अक्कल आली होती.

भाऊजींनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"येतो. समदे येतू. पर मांडवाच्या दारात तुमी हुभं ऱ्हायचं. एकेकानं म्होरं यायचं अन् तुमी हात जोडून 'वळखते' म्हणायचं. मंगच आमी आत."

लग्नाच्या दिवशी चौतीसच्या चौतीस आले! मांडवात सगळ्यांना एकसारखे गुलाबी फेटे. माझ्यापुढे रांग.

"म्या रंभाजी. वळखता का?"

"ओळखते."

"म्या बाजीराव. का मशीन आणू?"

"ओळखते हो, भाऊजी."

मेल्यांनी मजा घेतली! काही तर मागून फिरून दोनदा आले. भाऊजी आत जाऊन अक्षता घेऊन बसले, मुक्ता हसली, माझा जीव भांड्यात पडला. पण रांग संपेना. मान दुखायला लागली, मी वर बघायचं सोडून दिलं. समोर आणखी एक गुलाबी फेटा हात जोडून उभा.

"ओळखलंत का?"

"ओळखते, ओळखते! लई चांगली ओळखते! दोनदा येऊन गेलात! आता पहिल्या पंगतीत घुसू नका, पाहुण्यांना बसू द्या!"

"पाहुणे आम्हीच," फेटा म्हणाला. "व्याहीभेटीला आलो होतो."

नवरदेवाचा बाप!

मशीनला निदान एखादं नाव माहीत नसलं की ते तसं सांगत तरी होतं. मी मात्र छत्तीस वर्षांच्या अनुभवाने, हात जोडून, ठणकावून 'ओळखते' म्हणाले होते!