एकवीस ते चाळीस नंबरच्या नळ्या

बोंडअळीच्या त्या वर्षी मी यवतमाळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. आमच्या मॅडम दुर्मीळ होत चाललेल्या एका लहान बेडकावर काम करत. आर्णीकडच्या एका टेकडीवर कोलाम आदिवासींच्या वस्तीजवळ एक नाला होता, पायथ्याशी तांड्याजवळ दुसरा. दोन्हीकडच्या बेडकांच्या तोंडातून कापसाच्या बोळ्याने लाळ घेऊन ती नळीत ठेवायची, हे माझं काम. लाळेतल्या डीएनएच्या खुणा वेगळ्या निघाल्या तर दोन्ही नाले राखावे लागतील, असं मॅडमनी मला समजावलं होतं.

बायको म्हणायची, "बेंडकाचा थुका पुसत फिरता, मायी कंबर दुखून राह्यली ते दिसत नाही!"

खालच्या वीस नळ्या मी नीट भरल्या. वर जायची वाट कपाशीतून होती आणि फवारणी चालू होती. आदल्याच दिवशी तिथे फवारणारा एक जण चक्कर येऊन पडला होता. बांधावर उभा राहिलो तर वासानेच डोळे चुरचुरले. मी मागे फिरलो. उरलेल्या वीस नळ्याही खालच्याच नाल्यावर भरल्या आणि चिठ्ठ्यांवर लिहिलं, वरचा नाला.

रिपोर्ट येईपर्यंत मला घास गोड लागला नाही. तो आला तेव्हा मॅडमनी विचारलं, "काका, वर तुम्हीच गेला होतात ना?"

"मीच गेलतो, मॅडम."

"दोन्हीकडच्या खुणा अगदी सारख्या आहेत. मग एक नाला राखला तरी चालेल."

अहवालात तसंच गेलं. पुढे टेकडीवर गिट्टीखदान आली, वरच्या नाल्यासाठी कुणी हरकत घेतली नाही. खालच्या नाल्यात फवारणीचं पाणी उतरत राहिलं आणि तिथले बेडूक दिसेनासे झाले.

गेल्या आठवड्यात मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं.

"इतकी वर्षं, काका?"

"हो."

"वर पाणी उरलंय का?"

"एक डोह उरला म्हणते तिथले लोक."

"आणि बेडूक?"

ते बघायलाच सोमवारी आम्ही दोघं वर जाणार आहोत. पाऊस झाला आहे. बेडूक असतील तर या दिवसांत ओरडतील. नाही ओरडले, तर मॅडमच्या शेजारी उभं राहून ते न ओरडणं मला ऐकावं लागेल.