अपेक्षित फल

माझ्या नातीची, मृणालची, बोटे आज सकाळी संगणकावर थबकलेली दिसली. नव्या संशोधकांना सरकार अनुदान देते. ते न मिळाल्यास दगडफुलावरचे तिचे संशोधन थांबणार आहे. अर्जात 'अपेक्षित फलनिष्पत्ती' विचारली होती.

"आबा, ती आधीच ठाऊक असती तर शोधत कशाला बसले असते?"

"मग तसंच लिही."

"म्हणजे अनुदान गेलंच, आणि दगडफूल नुसतं मसाल्यापुरतं उरेल."

फळ आधी विचारणे मला अनुचित वाटले. पूजेला बसलो, तळहातावर पाणी घेऊन संकल्प म्हणू लागलो आणि 'फलप्राप्त्यर्थम्' या शब्दाशी अडखळलो. मीही रोज फळ आधीच सांगत आलो आहे. आज तिच्यासाठी काय मागावे? अनुदान, की दगडफुलाने आपले गूढ उकलून दाखवावे, हे? ठरेना. ताम्हनात सोडायचे पाणी बोटांमधून आपोआप झिरपून गेले, आणि देवाकडे नेमके काय मागितले गेले, हे मला कळले नाही.