कोपऱ्यातला पास

बास्केटबॉलमध्ये टाळ्या पडतात त्या बास्केट करणाऱ्यासाठी. मला ते तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही. मी स्वतः बास्केट करणारी होते, तेव्हा हा काही जळफळाट नव्हे. बॉल घेऊन येते, कोण कुठं आहे ते पाहते आणि कोणाला द्यायचा ते ठरवते, ती गार्ड. खेळ तिचा असतो. बाकीच्या आम्ही हात पुढे करून धावणाऱ्या.

सत्तरच्या दशकात नागपूरच्या आमच्या मैदानावर अशा दोन गार्ड होत्या. मैदान मुरमाचं, रेषा चुन्याच्या, आणि मुलींना ते मिळायचं मुलं यायच्या आधी, म्हणजे ऐन उन्हात. एक गार्ड शहराच्या नंदनवन भागातली, दुसरी महाल भागातली. दोघी माझ्याच वयाच्या. त्यांच्यात चांगली कोण, यावरून आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी सामने हरल्यावरही झाली नसतील.

नंदनवनचीचा तोंडाचा पट्टा बॉलच्या आधी सुरू व्हायचा. ‘अवं, तू काहून उभी राहिली तिथं? पळ! तू मागं ये! मले दे, मले!’ रस्त्यावरचे सायकलरिक्षावाले थांबून पाहायचे. चुकलं की सगळ्यांदेखत झापायची आणि बास्केट झालं की सगळ्यांदेखत पाठीत धपका घालायची. त्यातला धपका जास्त लागायचा. पण नवी मुलगी आली तर पहिल्याच दिवशी तिला कामाला लावायची, हे मान्य केलं पाहिजे. मला तिचा राग यायचा, आणि आम्ही हरायला लागलो की मी तिच्याच आवाजाकडे कान लावून असायची.

महालातली बोलायचीच नाही. तिच्या घरी हातमाग होते. वडील नि काका विणायला बसायचे, ही मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरून मग मैदानावर यायची. नंदनवनची तिला चिडवायची, ‘हिचा पास म्हणजे धोटा आहे बाप्पा, सुटला कवा ते समजतच नाही.’ ती हसायची, तेवढंच. बघायची एकीकडे, बॉल जायचा दुसरीकडे, आणि जिथं जायचा तिथं आमच्यापैकी कोणीतरी नेमकी पोचलेली असायची.

मला एक वाईट खोड होती. बोर्डाखालून बास्केटकडे जायचं सोडून मी डावीकडे वळून कोपऱ्यात पळायची. आमच्या सरांनी ओरडून ओरडून हात टेकले होते. महालातली एका शब्दानं मला काही म्हणाली नाही. ती मी वळायच्या आधीच रिकाम्या कोपऱ्यात बॉल टाकायला लागली. मी पोचायची तो बॉल हातात. सुरुवातीला मला वाटलं, आपलं नशीब जोरावर आहे. मग कळलं की हिनं माझी खोडच पाठ करून ठेवली आहे. प्रत्येकीचं असंच होतं. कोणाचा उजवा हात कच्चा, कोण दमली की खाली पाहते, हे सगळं तिला ठाऊक. दमलेलीला ती त्या वेळी बॉल द्यायचीच नाही, आणि आपल्याला वगळलं हे त्या मुलीच्या लक्षातही यायचं नाही. कप्तान अर्थात नंदनवनची होती. पण कोणाच्या हाताखाली मी बरी खेळायची हे मला विचाराल तर मी महालातलीचं नाव घेईन.

मॅट्रिक झाल्यावर तिला पारशिवनीचं स्थळ आलं. घर शेतीचं, मुलगा चांगला. तिचे वडील वाईट माणूस नव्हते. त्यांनी आपणहून मुलाकडच्यांना सांगितलं, ‘पोरगी राज्याच्या संघात आली, तर लग्न एक वर्ष थांबवू. नाही आली, तर याच उन्हाळ्यात.’ मुलाकडचे कबूल झाले. आम्ही मैदानावर नाचलो. तिची निवड होणार याबद्दल आमच्या मनात शंकाच नव्हती. वडील शब्दाचे पक्के आहेत याचाही आम्हाला तेव्हा आनंदच झाला.

निवड चाचणी त्या वर्षी आमच्याच शहरात होती. आमच्यातून त्या दोघींनाच बोलावणं होतं, बाकीच्या आम्ही कडेला बसून पाहणार. बाहेरगावच्या मुली आल्या होत्या, उंच आणि पायात चांगले बूट. सगळ्यांची सरमिसळ करून पाच-पाच जणींचे गट पाडले. एकमेकींची तोंडं त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

नंदनवनचीनं आपला पट्टा सुरू केला. ‘तू इकडं! तू थांब!’ नावं ठाऊक नव्हती, तरी कपड्यांच्या रंगावरून हाका मारून तिनं त्या परक्या मुलींना हवं तसं पळवलं. त्याही निमूटपणे ऐकत होत्या.

मग महालातली उतरली. तिनं बॉल आणला, उजवीकडे पाहिलं आणि डाव्या कोपऱ्यात पास टाकला. तिथं कोणी नव्हतं. बॉल रेषेबाहेर जाऊन भिंतीवर आपटला. मी कडेला बसल्या जागी अर्धी उठले होते, हे मला शेजारणीनं हात धरून ओढलं तेव्हा कळलं. दुसरा पास एकीच्या खांद्यावर लागला. ‘देखके तो डाल,’ ती मुलगी म्हणाली. मग महालातली खरंच बघून टाकायला लागली, आणि तिथंच सगळं संपलं. बघेपर्यंत उशीर व्हायचा. समोरच्या मुली बॉल काढून न्यायच्या. अशी अडखळताना आम्ही तिला कधी पाहिलं नव्हतं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

यादीत नंदनवनची होती. तिला धड आनंदही करता येईना. ती तडक आमच्या सरांकडे गेली. ‘सर, ते माह्यापेक्षा चांगली खेळते.’ सर म्हणाले, ‘तुमच्यासोबत खेळते. तिकडं संघात तुम्ही सगळ्या कुठं राहणार?’ ते खोटं नव्हतं, म्हणून जास्तच लागलं. त्या उन्हाळ्यात महालातलीचं लग्न झालं. आम्ही पंगतीत बसलो, वाढलेलं जेवलो, आणि कोणीही बास्केटबॉलचा विषय काढला नाही.

पुढं मी शिक्षिका झाले. ऐंशीनंतर कधीतरी शाळेच्या कामानं पारशिवनीला गेले, तेव्हा पत्ता विचारत महालातलीच्या घरी पोचले. ती मजेत होती, निदान तसं दिसत होतं. अंगणात तूर वाळत घातली होती. तिनं चहा केला, मुलांची नावं सांगितली. थोरली पोरगी शाळेत चांगली पळते, तिला खेळात घ्यायला मास्तर मागे लागलेत, असं म्हणाली.

‘मग?’

‘मी नाई म्हटलं. आपल्याच्यानं होत नाई ते. मी जाऊन पाहिलं न.’

मी काही बोलायच्या आत तिनं कप खाली ठेवला. ‘तू तर तिथंच बसून होती. खरं सांगजो. मी तो कोपऱ्यात बॉल टाकला, चुकला होता का वं?’

‘नाही वं,’ मी म्हणाले. ‘बरोबर टाकला होता. मी असती तर तिथंच असती. माझाच पास होता तो.’

‘मले कोणी सांगितलंच नाई,’ ती म्हणाली. ‘मले वाटे, माह्यातच काही नव्हतं.’

आणि मग ती रडली. लग्नात रडली नव्हती, तेवढी रडली. तिला आमच्यातल्या प्रत्येकीचं सगळं ठाऊक असायचं, तेव्हा आपला तो पास चुकला नव्हता हेही ठाऊक असणारच, असं आम्ही सगळ्याच धरून चाललो होतो.