मीराने विचारलं होतं ते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते विचारू नका.

माझी मुलगी मीरा इथे जर्मनीत, एर्लांगेनला जन्मली तेव्हा माझी आई आली होती. आई सुईण. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. त्याच वेळी माझे सासरे, अप्पा, तेही आले होते — निवृत्त मुख्याध्यापक. आई बाळाला तेल लावायला बसली, तर अप्पा दारातून म्हणाले, "अंगठेबहाद्दर बाईने माझ्या नातीवर प्रयोग करायचे नाहीत."

नवरा मोबाईलमध्ये बघत राहिला. आईने हात पुसले. उरलेले पंधरा दिवस तिने बाळाला मांडीवर घेतलं नाही. परत कधी आली नाही — दोन वर्षांत गेलीच.

मी विसरले? छे.

मीरा सात वर्षांची असताना, सासूबाई गेल्यावर, अप्पा तीन महिने आमच्याकडे राहायला आले. नवरा तेव्हा दर सोमवार ते शुक्रवार दूर कार्ल्सरूहे शहरात कामाला. मीराला मराठी दोन-चार शब्दांपलीकडे येत नव्हतं, अप्पांना जर्मन नाही. मध्ये मीच. कळतंय ना, काय हातात आलं होतं माझ्या?

अप्पांना कलमं बांधण्याचा नाद. शहराबाहेर आम्ही बागेचा एक तुकडा भाड्याने घेतला होता, तिथे सफरचंदाचं झाड होतं. त्यांनी मीराला शेजारी बसवलं, तिरका काप घेतला, सालीला साल कशी भिडवायची ते दाखवलं. हात काय हलके होते त्यांचे! "सांग तिला," मला म्हणाले, "हे माझ्या आजोबांनी मला शिकवलंय. आता तिने शिकायचं."

मी जर्मनमध्ये म्हणाले, "आजोबा म्हणतात, कशाला हात लावू नकोस."

मीराने हात मागे घेतला. पण तरी विचारलंच — फांदी मेली तर? मी उद्या येऊन बघू का?

मी अप्पांकडे वळले. "अप्पा, ती म्हणतेय, कंटाळा आला."

त्यांनी चाकू मिटला. त्यांचा चेहरा मी नीट बघितला — आणि मला गोड लागलं. खोटं कशाला बोलू?

मग रोजच. ते सांगत, मी मोडतोड करी. महिन्याभरात त्यांनी सांगणंच सोडलं. न कळणाऱ्या भाषेतल्या टीव्हीसमोर बसून राहायचे. भारतात परतले, आणि गेल्या हिवाळ्यात वारले.

आईसाठी केलं म्हणू? आईने मला फोडून काढलं असतं. जाणत्याचं शहाणपण त्याच्याबरोबर जळू द्यायचं नसतं, असं म्हणणारी बाई ती. नाही — मी माझ्यासाठी केलं. आणि लुटलं कुणाला? माझ्याच पोरीला.

मीरा आता चौदाची आहे. अप्पा गेल्याचं सांगितलं तेव्हा तिने खांदे उडवले. "आजोबांना मी कधी आवडलेच नाही," जर्मनमध्येच म्हणाली.

मी समोर उभी होते. एक वाक्य पुरलं असतं.

"हो," मी म्हणाले, "स्वभावच तसा होता त्यांचा."