ठमीची अंघोळ

नऊ वर्षं झाली. माझ्या नवऱ्याला माहीत नाही, मुलीला माहीत नाही, आणि ज्या डॉक्टरांकडे मी आठवड्याला चार-पाच गिऱ्हाइकं पाठवते त्यांना तर नाहीच नाही. आज तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका — मला माहीत नाही. आणि ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द उच्चारायची मला सवय नाही, तिथूनच हे सगळं सुरू होतं.

नवीन पनवेलमध्ये माझं प्राण्यांच्या सामानाचं दुकान आहे. पुढे खाणं, पट्टे, औषधी शाम्पू. मागे अंघोळीचा टब आणि मोठा ड्रायर. खारघरच्या टॉवरमधली मंडळी आपले लाडके गाडीत घालून माझ्याकडे येतात, ते काही दुकान देखणं आहे म्हणून नाही. दुकान साधंच आहे. पण मला कळतं. हे मी फुशारकीने सांगत नाही — बरं, थोडं फुशारकीने सांगते आहे.

औषधी शाम्पू वासावरून आणि चित्रावरून घ्यायचा नसतो, हे मी रोज दहा जणांना सांगते. आधी जनावर उजेडात आणा, केस बाजूला करा, कातडी बघा. लाल पुरळ, पू धरलेल्या पुटकुळ्या — जंतू मारणारा शाम्पू. गोल गोल केस गेलेत, कानामागे आंबूस वास येतोय — बुरशीचा. पावसाळ्यात आमच्याकडे अर्धी कुत्री बुरशी घेऊनच येतात. कोंडा पडतोय, हाताला तेलकट लागतंय, त्याचा वेगळा. कर्नाळ्याला फिरवून आणलेल्या कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात गोचिडी सापडल्या, की गोचिडीचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लावला आणि धुतला असं करायचं नाही. फेस अंगावर दहा मिनिटं राहिला पाहिजे. घड्याळ लावून. लोक दोन मिनिटांत पाणी ओततात आणि वर म्हणतात, शाम्पू बोगस होता.

शिरढोणकडचे एक काका असेच वैतागून आले होते. “ताई, हलद लावली, तेल लावला, काय फरक नाय.” मी शाम्पू दिला आणि दहा मिनिटांचा दम भरला. महिन्याभरात त्या उघड्याबोडक्या कुत्र्याला केस आले. काका अजून रस्त्यात भेटले की हात जोडतात. असं चार वेळा झालं की माणसाला चढतं. मलाही चढलं होतं. लोक डॉक्टरांच्या आधी मला विचारायला लागले होते, आणि मी कधीही, कुणालाही, ‘जरा थांबा, बघून सांगते’ असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

तर — एस्थरमावशी.

मावशी बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. जुन्या पनवेलमध्ये दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. पोस्टात नोकरी करून रिटायर झालेल्या. मुलगा इस्रायलला, अश्दोदला. तो दरवर्षी म्हणायचा, आई, आता इकडे ये. मावशी म्हणायच्या, “जाईन रे, पण ठमीला कोण बघेल?” ठमी म्हणजे त्यांची मांजर. तीन रंगांची, एका कानाला खाच असलेली, आणि अतिशय आगाऊ. मावशींच्या हातचं मच्छीचं कालवण खाऊन वाढलेली. मावशींचा कारभार मात्र पोस्टासारखा चोख. गॅसच्या सिलिंडरची तारीख भिंतीवर, औषधांच्या वेळा वहीत, कुठलीही पुडी घेतली की आधी चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचायचं. मी त्यांना चिडवायचे, मावशी, तुम्ही देवाघरी जाताना पण आधी पावती मागाल.

त्या सप्टेंबरात ठमीला पिसवा झाल्या. मान खाजवून खाजवून रक्त काढलं होतं तिने. मावशी तिला पिशवीत घालून दुकानात आल्या.

माझी एक पद्धत होती तेव्हा. टबासाठी मी पाच लिटरचे कॅन आणायचे. एका मांजरीला अख्खी बाटली कशाला, म्हणून ओळखीच्यांना त्यातलंच छोट्या बाटलीत ओतून द्यायचे. वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर जनावराचं नाव. लोकांना ते आवडायचं. आपल्या टॉमीचं, आपल्या ब्राउनीचं नाव घातलेली बाटली. मी पिसवा-गोचिडींच्या कॅनमधून ओतलं आणि पट्टीवर लिहिलं — ठमी.

मावशींनी सवयीने बाटली उलटीपालटी केली. वाचायला काही नव्हतं. मग त्यांनी टबाजवळच्या कॅनकडे बघितलं. त्यावर कुत्र्याचं चित्र होतं. “हे मांजरीला चालतं ना गं?”

मला माहीत नव्हतं. हे नीट ऐका — मी विसरले नव्हते, माझा गोंधळ झाला नव्हता. मला माहीत नव्हतं. मी तोवर मांजरीला पिसवांचा शाम्पू कधी दिलाच नव्हता. कॅन चार पावलांवर होता, मागे सगळं छापलेलं होतं. आणि काउंटरला दोन गिऱ्हाइकं उभी होती, माझ्याकडे बघत. मी म्हटलं, “चित्रावर काय जाता मावशी, पिसू तीच आणि कातडी तीच. दहा मिनिटं ठेवा, घड्याळ लावून.”

मावशींनी घड्याळ लावलं. त्यांनी कधी कुठली सूचना मोडली होती?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. अंघोळ घातली, पण ठमी थरथरतेय, तोंडातून लाळ येतेय. मी म्हटलं, थंडी वाजत असेल, टॉवेलात गुंडाळा. तासाभराने ठमीला झटके यायला लागले. मावशी तिला मांडीवर घेऊन रिक्षाने डॉक्टरांकडे गेल्या. दिवेलागणीच्या आत ती गेली.

त्यानंतरच्या सकाळी मावशी दुकानात आल्या. रडत नव्हत्या. हातात ती बाटली होती. “डॉक्टर विचारत होते, यात काय आहे. मला सांगता येईना. तू लिहून देतेस का?”

मी बाटली त्यांच्या हातातून घेतली. बघू, म्हणत मागे गेले. नळ सोडला, बाटली रिकामी केली, विसळली, आणि चिकटपट्टी नखाने खरवडून काढली. मग बाहेर येऊन विचारलं, किती वेळ ठेवला होता? “दहा मिनिटं. तू सांगितलंस तसं.”

मी म्हटलं, “मावशी, दहा मिनिटं कुत्र्यांना. ठमीला मी दोनच सांगितली होती.”

माझा आवाज जराही हलला नाही. हलायला हवा होता ना? आयुष्यभर जनावरांबद्दल खरं ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात मी हे सांगितलं. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. आठवायचा प्रयत्न करत होत्या, ते मला दिसत होतं. आणि त्यांनी स्वतःपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. “मग मीच विसरले असेन,” त्या म्हणाल्या. “मीच मारलं तिला.” मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, वय झालं की होतं असं मावशी, असंसुद्धा म्हटलं.

थांबा, एक गाळलं. इथपर्यंत येऊनही गाळलं. दुपारचा तो फोन ठेवल्यावर मी कॅनकडे गेले होते. कॅन फिरवला आणि मागचं वाचलं. स्पष्ट लिहिलं होतं — मांजरांवर वापरू नये. तेव्हा ठमी जिवंत होती. फोन माझ्या हातात होता. अंग पुन्हा धुवा, ताबडतोब डॉक्टर गाठा, त्यांना या औषधाचं नाव सांगा, एवढंच बोलायचं होतं. मांजर वेळेत पोचली, काय लावलंय ते कळलं, तर वाचते. हे मी नंतर वाचून काढलं, सगळं वाचून काढलं. त्या दुपारी टबात एक लॅब्रॅडॉर उभा होता, अंगभर फेस घेऊन. मी फोन खाली ठेवला आणि त्याची अंघोळ पूर्ण केली. छान वाळवला, विंचरला.

मला वाटलं होतं, मावशी रडतील, मग हळूहळू विसरतील, आणखी एखादं पिल्लू आणतील. मी तर एक पिल्लू बघूनही ठेवलं होतं. पण मावशी मांजरीपाशी थांबल्या नाहीत. आपल्याला आठवत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली. गॅस बंद केला की नाही ते बघायला त्या जिन्यातून परत जायच्या. दुधाचे पैसे दिले का, हे शेजारणीला विचारायच्या. ज्या बाईने नोकरीत एक पत्र इकडचं तिकडे होऊ दिलं नव्हतं, ती भाजीवाल्यासमोर उभी राहून म्हणायची, तूच हिशेब कर बाबा, माझं डोकं आता धड राहिलं नाही. त्यांचं डोकं धड होतं. त्या दिवशी दुकानात खरं बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या. हे त्यांना सांगू शकणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते दर आठवड्याला त्यांची विचारपूस करत होतं.

सात महिन्यांनी त्यांनी दोन खोल्या विकल्या आणि मुलाकडे गेल्या. जायच्या आदल्या दिवशी माझ्यासाठी मलिदा घेऊन आल्या. पोहे, नारळ, गूळ. मी तो खाल्ला.

दुकान जोरात चालू आहे. सुटं ओतून देणं मी बंद केलं. मांजराचा शाम्पू कुणी मागितला तर आता मी बाटली वाचून दाखवते. लोक म्हणतात, किती काळजी घेता हो तुम्ही. मी मान हलवते.

मावशींच्या लोकांत किप्पूरचा उपास असतो. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. त्याच्या आधी, ज्यांना ज्यांना आपण दुखावलं त्यांची माफी मागायची असते, नुसत्या देवाची मागून चालत नाही, माणसाची मागावी लागते. इस्रायलला गेल्यापासून दरवर्षी उपासाच्या दोन दिवस आधी मावशींचा मला फोन येतो. मी तुझं ऐकलं नाही, त्यापायी तुलाही घोर लागला, मला माफ कर. दरवर्षी हेच.

यंदा फोन मुलाने लावून दिला. म्हणाला, आईला आता खरंच फारसं आठवत नाही. सुनेचं नाव विसरते, कुठल्या देशात आहोत ते विसरते. पण तुमचं विसरत नाही.

मग मावशी फोनवर आल्या. आवाज अगदी बारीक झालाय. “तू दोन मिनिटं सांगितली होतीस. मी दहा ठेवलं. माफ केलंस ना गं मला?”

मी म्हटलं, “केलं मावशी. कधीच केलं.”

त्यांनी मला आशीर्वाद दिला. मी तो घेतला.